बेडकाच्या अंड्याचा शॉक बसतो का?

बडोद्याच्या दांडिया बझारात गणपतीची आरती आटोपली की प्रसाद घेता घेता कुणीतरी विचारतंच, "सर, तुम्ही म्हणे बेडकाच्या अंड्यातली वीज मोजायचात. शॉक बसतो का हो तिचा?" (इथल्या विश्वामित्री नदीतल्या मगरींवर काम केलं असतं, तर असे प्रश्न तरी आले नसते.) तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

शॉक बसत नाही. झेनोपस या आफ्रिकी बेडकाचं अंडं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं. अर्धं काळपट, अर्धं पिवळट. बाहेरच्या पाण्याच्या तुलनेत त्याची आतली बाजू साधारण १० ते २० मिलिव्होल्ट ऋण. मात्र हा फरक तोलून धरणारं अंड्याभोवतीचं पटल सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचं. हिशेब मांडलात तर मीटरमागे २० ते ४० लाख व्होल्ट होतात!

मोजायला काचेची नळी तापवून ओढायची, टोक नजरेला दिसेनासं होईपर्यंत, आणि आत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण भरायचं. टोक टेकलं की पटलाला खळगा पडतो. आणखी किंचित रेटलं की खळगा एकदम भरून येतो आणि त्याच क्षणी व्होल्टमापकाचा काटा खाली जातो. पण अंडं मोठं हळवं. नुसतं टोचलं तरी शुक्राणू आल्यासारखं जागं होतं. फ्रान्समध्ये बातायों या जीवशास्त्रज्ञांनी १९१० च्या सुमारास सुईने टोचूनच बिनबापाचे बेडूकमासे मिळवले होते.

शुक्राणू भिडला की अंड्यात कॅल्शियम वाढतं, पटलातल्या क्लोराइडच्या वाहिन्या (क्लोराइडला ये-जा करू देणारी दारं) उघडतात, ऋणभारित क्लोराइड बाहेर पडतो आणि आतलं व्होल्टेज शून्य ओलांडून धन होतं. ते धन आहे तोवर दुसऱ्या शुक्राणूला मज्जाव. काही मिनिटांत बाहेरचं आवरण उचललं जाऊन घट्ट होतं, मग विजेची गरज उरत नाही.

मला यात मौज वाटते ती पाण्याची. तळ्याच्या गोड्या पाण्यात क्लोराइड नगण्य, म्हणून तर आतला बाहेर धावतो. पाण्यात क्लोराइड वाढवा, व्होल्टेजची ही उडी खुंटते आणि एकाच अंड्यात अनेक शुक्राणू घुसतात. ते अंडं पुढे धड वाढत नाही. खाऱ्या पाण्यातल्या सी अर्चिन या काटेरी, गोलसर प्राण्याचा मार्ग उलटा: तिथे बाहेरचा सोडियम आत येतो.

आणि हा सगळ्या उभयचरांचा नियम समजू नका. जपानी न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या अंड्यात ही उडीच नाही. तिथे अनेक शुक्राणू खुशाल शिरतात, एकाचं केंद्रक कामी येतं, बाकीची आत नष्ट होतात.