पाणी फुटतं तिथं

अप्पांच्या अस्थी घेऊन आम्ही मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीला निघालो, तेव्हा कार्तिक लागला होता आणि शेतात भातकापणी अर्धी राहिली होती. जांबोटी मागं पडली तसं रान दाट होत गेलं. भाऊ गाडी चालवत होता, गाडगं माझ्या मांडीवर. हलकं होतं. भाताची पोती पाठीवर टाकून खळ्यातून घरात आणणारा माणूस, आणि मांडीला त्याचं ओझंसुद्धा जाणवेना.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हाडं जळून उरतं ते मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस, आणि ते आपल्या सूर्याच्याही आधी होऊन गेलेल्या ताऱ्यांत तयार झालं, हे वर्गात कितीदा सांगितलंय. पण बापाचं म्हणून ते कधी हातात आलं नव्हतं.

आणि बाकीचे अप्पा? शरीराचा अर्ध्याहून जास्त भाग पाणी. ते चितेवरून वाफ होऊन गेलं. त्यातला हायड्रोजन तर तारे जन्मायच्या आधीचा, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचा. कणकुंबीच्या भागात पाणी फुटतं. एका उतारावरचा पाऊस मलप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जातो, दुसऱ्या उताराचा कळसा नाल्यातून म्हादईला आणि गोव्याकडून अरबी समुद्राला. दोन्हीकडं अप्पा असतील, असं उगमापाशी उभं राहून वाटलं. अजूनही वाटतं.

लहानपणी सुगीच्या दिवसांत आम्ही राखणीला खळ्यावर झोपायचो. अप्पा माळकरी, शाळा चौथीपर्यंतची, पण नक्षत्रं तोंडपाठ, कारण रोहिणी-मृगावर पेरा ठरायचा. एकदा कृत्तिकांचा झुबका दाखवला. मी विचारलं, "एवढ्या चांदण्यांत आपण कुठं?"

"त्यास्नी बघतंय कोण?"

"मी."

"मग हाईस की."

मला ते उत्तर वाटलंच नाही. पुढं कॉलेजात कळलं की कृत्तिकांचा उजेड निघून सव्वाचारशेच्या वर वर्षं झाली, म्हणजे तो शिवजन्माच्याही आधी निघालेला. देवयानी दीर्घिकेचा तर पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून मी पोरांना सांगत आलो की या पसाऱ्यात आपण कस्पट. आता तसं सांगणार नाही. आकडे खरे आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ माझा होता आणि तो अपुरा होता. इतकी वर्षं वाट चालून आलेला उजेड खळ्यावर पडलेल्या एका पोराच्या डोळ्यात उतरतो, आणि त्या पोराच्या रक्तातलं लोखंडही ताऱ्यातलंच. बघणारा आणि दिसणारं एकाच मातीचं. अप्पा एवढंच म्हणत होते का, हे आता विचारता येत नाही.

घाटावर मी वाकलो. राख पाण्यात थोडा वेळ पांढरी राहिली, मग पाणी होतं तसं झालं.

संध्याकाळी शेजारचे काका आले. ते लिंगायत, घरी कन्नड बोलणारे, पण आमच्या हरिपाठाला अप्पांच्या बाजूला बसायचे. मलप्रभेत सोडलं म्हटल्यावर ते आईला म्हणाले, "मग वैनी, अप्पा आमच्या कूडलसंगमालाच निघाले." मलप्रभा कृष्णेला मिळते ती तिथंच, आणि बसवण्णांचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधीची जागाही तीच. वाटेत सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचं धरण आहे, पण ते मी बोललो नाही.

आईनं एवढंच विचारलं, "पाणी होतं का नदीला?"

"घोट्याएवढं."

"वाहतं न्हवं?"

"वाहतं होतं."

तिनं विळे काढून दारात ठेवले. सकाळी उरलेली कापणी धरायची होती.