मालाला सीमा, माणसाला सीमा, आणि मध्ये उभं असलेलं सरकार

फोर्डची ट्रान्झिट कनेक्ट नावाची छोटी व्हॅन तुर्कस्तानात बनायची आणि जहाजाने अमेरिकेला जायची. बाल्टिमोरला उतरली की तिच्या मागच्या सीट काढायच्या, खिडकीच्या काचा काढून तिथे पत्रा बसवायचा आणि मग ती मालवाहू व्हॅन म्हणून विकायची, म्हणजे नव्याकोऱ्या सीट, ज्यावर कोणी धड बसलंही नाही, त्या बसवायला माणसं लावायची आणि काढायलाही माणसं लावायची. कारण एवढंच की प्रवासी गाडीवर ड्युटी अडीच टक्के होती आणि मालवाहूवर 25 टक्के.

हे 25 टक्के आले कुठून? तर 1960 च्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीवर जबर कर लावला, त्याचा बदला म्हणून अमेरिकेने 1964 पासून हलक्या ट्रकवर कर लावला. वड्याचं तेल वांग्यावर! कोंबडीचं भांडण कधीच विझलं पण ट्रकवरचा कर तसाच राहिला, आणि 2024 मध्ये फोर्डने याच व्हॅनच्या प्रकरणात सरकारशी 36.5 कोटी डॉलरची तडजोड केली, कर चुकवल्याचा आरोप मान्य न करता.

मला यात कंपनीचा राग येत नाही, कायद्याचा येतो. कर एकदा लागला की त्याच्या आडोशाला कोणीतरी धंदा मांडून बसतं, आणि मग तो कर काढणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणं ठरतं. ज्यांचा फायदा होतो ते मूठभर असतात आणि एकत्र असतात, त्यांना आपला फायदा पैपैनी माहीत असतो. नुकसान मात्र लाखो गिऱ्हाईकांमध्ये इतकं बारीक वाटलं जातं की कोणाला कळतही नाही. म्हणून आयात शुल्काविरुद्ध मोर्चे निघत नाहीत.

इथपर्यंत माझ्याशी बरेच जण सहमत होतात. मग मी म्हणतो की मालाला जे लागू तेच माणसाला लागू, आणि तिथे गाडी अडते. पण बघा ना, एकाला काम द्यायचंय, दुसऱ्याला ते करायचंय, दोघांचा पगार ठरलाय, तर त्यात तिसऱ्याने कशाला पडायचं? बाहेरचे आले की आपली कामं जातात असं म्हणतात, जणू कामं ठराविकच असतात आणि वाटून संपतात. 1980 मध्ये क्युबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी फ्लोरिडात आले, बरेचसे मायामीतच राहिले, तिथले कामगार अचानक साधारण 7 टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञाने 1990 मध्ये आकडे तपासले तर तिथल्या लोकांच्या पगारावर आणि बेकारीवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी नंतर हे खोडून काढायचा प्रयत्न केला, त्यांच्या मते शाळा अर्धवट सोडलेल्यांचे पगार चांगलेच घसरले, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. मला कार्ड यांची बाजू जास्त पटते, कारण आलेला माणूस फक्त काम मागत नाही, तो घर भाड्याने घेतो, खरेदी करतो, कधी स्वतःच दुकान टाकतो आणि दुसऱ्याला कामावर ठेवतो.

सरकारी मदतीवर ताण येईल, हा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. पण त्यावर उपाय मदतीचे नियम बदलणं हा आहे, माणूस अडवणं हा नाही. अमेरिकेने 1996 च्या कायद्याने नव्या कायदेशीर स्थलांतरितांना पहिली पाच वर्षं बहुतेक केंद्रीय मदत बंद केली. म्हणजे या आणि स्वतःच्या हिमतीवर उभे राहा, हे कायद्यात बसवता येतं.

आणि ज्यांना सरकार छोटं हवं पण सीमा मात्र कडक हवी, त्यांच्याशी माझं खरं भांडण आहे. सीमेवरची तपासणी सीमेवर थांबत नाही हो. 1986 च्या कायद्यानंतर अमेरिकेत कोणालाही नोकरीवर ठेवताना मालकाला आय-नाईन नावाचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो फक्त परदेशी माणसासाठी नाही, तिथेच जन्मलेल्या नागरिकासाठीसुद्धा! चार पिढ्या त्याच गावात काढलेल्या माणसाने पहिल्या नोकरीला जाताना आपण काम करायला पात्र आहोत याची कागदपत्रं दाखवायची, आणि मालकाने ती तपासून भरलेला फॉर्म जपून ठेवायचा, नाही ठेवला तर दंड. बाहेरच्याला अडवायला बनवलेल्या यंत्रणेत घरचा माणूस पहिल्याच दिवशी रांगेत उभा राहिला.

सरकार नकोच असं मी म्हणत नाही. चोरी झाली तर पोलीस हवेत, करार मोडला तर कोर्ट हवं, हल्ला झाला तर सैन्य हवं, आणि येणारा माणूस खुनी आहे का किंवा साथीचा रोग घेऊन आलाय का हे बघायलाही माझी हरकत नाही. पण त्याला कामावर ठेवायचं की नाही हे मालकाने ठरवावं, घर द्यायचं की नाही हे घरमालकाने ठरवावं, आणि व्हॅनला मागे सीट हव्यात की पत्रा, हे ती विकत घेणाऱ्याने.