मागे घेतलेला शोधनिबंध

तीन वर्षांपूर्वी एका जर्नलने माझ्याकडे परीक्षणासाठी एक शोधनिबंध पाठवला होता. मांडणी नीटनेटकी होती आणि निष्कर्ष आकर्षक होते. तिसऱ्या आकृतीतल्या वेस्टर्न ब्लॉटच्या (नमुन्यातली प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या) चार काळ्या पट्ट्या पाहताना मात्र त्या कुठेतरी आधी पाहिल्यासारख्या वाटू लागल्या. पाचवी आकृती स्क्रीनवर उलटी फिरवून शेजारी ठेवली, तेव्हा कारण कळले. प्रथिन वेगळे, प्रयोग वेगळा, तरीही पहिल्या पट्टीच्या कडेला असलेला धुळीचा बारीक ठिपका दोन्ही चित्रांत अगदी त्याच जागी होता.

मूळ छायाचित्रे मागवावीत, अशी मी संपादकांना विनंती केली. ती पाठवण्याऐवजी लेखकांनी निबंधच काढून घेतला आणि पुढे आठ-नऊ महिन्यांनी तो दुसऱ्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी ठिपका दिसणार नाही अशा बेताने चित्राची कड कापलेली होती; पट्ट्या मात्र त्याच होत्या. परीक्षणासाठी आलेले हस्तलिखित गोपनीय असते, त्यामुळे त्याचा उल्लेख न करता, केवळ छापून आलेल्या दोन आकृत्या शेजारी मांडून मी त्या संपादकांना पत्र लिहिले. ‘चौकशी सुरू आहे’ यापलीकडे उत्तर आलेले नाही.

संशोधनाच्या प्रकाशनातील नैतिकतेची चर्चा बहुतेक वेळा लेखकांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. वाङ्मयचौर्य, बनावट डेटा, काम न करता सहलेखक म्हणून लावलेले नाव, लपवलेले हितसंबंध हे सगळे गंभीर आहेच. परंतु चूक किंवा लबाडी उघडकीस आल्यानंतर जर्नल काय करते, किती दिवसांत करते आणि वाचकाला किती स्पष्टपणे सांगते, याला मी अधिक महत्त्व देतो, कारण परीक्षकाच्या नजरेतून काहीतरी निसटणारच. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये चाळीस जर्नलांतील २०,६२१ शोधनिबंधांच्या आकृत्या डोळ्यांनी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत आक्षेपार्ह रीतीने पुन्हा वापरलेली चित्रे आढळली आणि त्यांपैकी निदान निम्म्यांत ती जाणूनबुजून बदलल्याच्या खुणा होत्या. हे सगळे निबंध परीक्षणातून पार होऊनच छापले गेले होते.

नियम नाहीत, असे म्हणण्यास जागा नाही. संपादकांनी १९९७ मध्ये स्थापन केलेल्या ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ अर्थात कोप या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी स्पष्ट आहेत. प्रसिद्ध झालेला निबंध मागे घेताना, म्हणजे तो ग्राह्य नसल्याची सूचना छापताना, तो कोण मागे घेत आहे, का घेत आहे, प्रामाणिक चूक झाली की गैरप्रकार, हे सूचनेत लिहिलेले असावे. ती सूचना मूळ निबंधाला जोडलेली आणि सर्वांना विनामूल्य वाचता येईल अशी असावी. निबंध मागे घेण्याचा हेतू लेखकाला शिक्षा करणे हा नसून ज्ञानाची नोंद दुरुस्त करणे हा आहे, हेही तिथे सांगितलेले आहे. हा हेतू संपादकांनी खरोखर मनावर घेतला, तर त्यांची निम्मी टाळाटाळ थांबेल, असे मला वाटते. कारण लेखकाचा हेतू सिद्ध होईपर्यंत थांबावे लागते, या समजुतीत वर्षे निघून जातात आणि दरम्यान आकडे चुकीचे असलेला निबंध वाचला जात राहतो.

या दिरंगाईची किंमत काय असते, हे ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमधील दोन प्रकरणे शेजारी ठेवली की दिसते. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीचा संबंध ऑटिझमशी सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध फेब्रुवारी १९९८ मध्ये छापला गेला. तो अवघ्या बारा मुलांवर आधारलेला होता. २००४ मध्ये बहुतेक सहलेखकांनी त्या अन्वयार्थातून अंग काढून घेतले, तरी संपूर्ण निबंध मागे घेतला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. या बारा वर्षांत किती पालकांनी भीतीपोटी लस टाळली असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. याउलट, कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाविषयीचा निबंध २२ मे २०२० रोजी प्रसिद्ध झाला, सर्जिस्फिअर कंपनीने पुरवलेल्या डेटावर जगभरातील संशोधकांनी लगेच उघड प्रश्न विचारले, कंपनीने मूळ डेटा स्वतंत्र तपासणीसाठी दिला नाही आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. तेरा दिवस! तो छापला जायलाच नको होता हे खरे, पण इच्छा असली की काम किती लवकर होते, हेही त्यातून कळते.

निबंध मागे घेणे म्हणजे बेअब्रू, ही भावना मात्र नियमांनी जाणार नाही. म्हणूनच रसायनशास्त्रातील नोबेल विजेत्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये जे केले त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ‘सायन्स’मध्ये आदल्या वर्षी आलेला त्यांचा निबंध, प्रयोगांची पुनरावृत्ती करता येत नाही असे लक्षात आल्यावर, त्यांनी मागे घेतला, तसे स्वतःच जाहीर केले आणि आपण कामात पुरेसे लक्ष घातले नाही अशी कबुलीही दिली. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती सूचना वाचायला देतो. प्रयोगशाळेच्या वहीत महत्त्वाच्या प्रयोगांच्या वेळच्या वेळी केलेल्या नोंदी आणि मूळ डेटा सापडला नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

मी ज्या निबंधाविषयी पत्र लिहिले होते, तो परवा एका नव्या लेखाच्या संदर्भसूचीत दिसला. जर्नलच्या संकेतस्थळावर त्याच्यावर अद्याप कसलीही खूण नाही. आज संपादकांना तिसरे पत्र पाठवले. निकाल लागायला वेळ लागणार असेल, तर निदान तोपर्यंत ‘एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न’ म्हणजे शंका नोंदवणारी सूचना त्या निबंधाला जोडावी, एवढीच मागणी त्यात केली आहे आणि दोन्ही आकृत्या पुन्हा सोबत जोडल्या आहेत.