‘समजलं का?’ न विचारता

नववीत जाणाऱ्या मुलांचा उन्हाळी विज्ञानवर्ग आम्ही ऑनलाइनच घेतो. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात भरदुपारी पोरांना घराबाहेर काढणं बरं नाही, शिवाय काटोल, उमरेड, सावनेरची मुलंही येतात. त्या दिवशी रोधांची समांतर जोडणी होती. सूत्र झालं, उदाहरण झालं, आणि चॅटमध्ये ‘यस सर’ची रांग लागली.

या रांगेवर विसंबून पुढे जाऊ नये. पहिलं ‘यस’ दिसलं की बाकीचे तेच टाकतात. म्हणून झूमचं चॅट फक्त होस्टला दिसेल असं केलं आणि प्रश्न दिला: ६ ओहम आणि ३ ओहम समांतर जोडले, परिणामी रोध किती? नुसता आकडा लिहा.

मग थांबायचं. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात आणि तीन सेकंद थांबले तरी मुलं जास्त बोलतात, हे शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं. ऑनलाइन तासाला तेवढंही पुरत नाही. आवाज उशिरा पोचतो, वहीत गणित करायचं, मग मोबाइलवर लिहायचं. मी मिनिटभर देतो, आणि त्या मिनिटात एक शब्दही बोलत नाही.

उत्तरं आली. काही २, थोडे ९, आणि निम्म्याहून जास्त ०.५!

९ म्हणजे सरळ बेरीज, एकसर जोडणीचं सूत्र. ०.५ वाल्यांची आकडेमोड मात्र बरोबर होती: १/६ अधिक १/३ म्हणजे १/२. फक्त शेवटी ते उलटवून २ करायचं राहिलं. ‘उत्तर सर्वांत लहान रोधापेक्षा कमी हवं’ हा नेहमीचा ताळा ९ ला पकडतो, ०.५ त्यातून सुटतं. म्हणून ६ व्होल्टची बॅटरी जोडायला लावली. ६ ओहममधून १ अँपिअर, ३ ओहममधून २, एकूण ३. रोध म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर, आता ६ भागिले ३ करा.

एरवी कधीच न बोलणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला, ‘सर, उलटवाचं राहिलं जी.’

दुसरा प्रश्न, ४ आणि १२ ओहम. बहुतेकांचं ३ आलं. ०.३३ एकाचंच, त्याला तास संपल्यावर थांबवून वहीचा फोटो मागवला.