राडारोडा

वरच्या मजल्यावर बाथरूमची तोडफोड निघाली आणि कुणीतरी त्यातलं जुनं कमोड गेटाशी ठेवून त्यात सदाफुली लावली. झालं! सोसायटीत दोन तट. "पाहुण्यारावळ्यांना काय वाटेल?" हा एक आणि "फुलं तर छान आलीत की" हा दुसरा. मी दुसऱ्या तटात.

दुपारी गॅलरीतून ते पाहताना चंडीगडच्या रॉक गार्डनवाले नेकचंद आठवले. बांधकाम खात्यातले साधे रोड इन्स्पेक्टर. वास्तुकार ल कार्बुझिएच्या आखीवरेखीव शहरासाठी गावं पाडली गेली. तिथला राडारोडा हे गृहस्थ सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेत राहिले. तिथं बांधकामाला मनाई. 1957 च्या सुमारास सुरुवात केली, सरकारला पत्ता लागला तो थेट सत्तरच्या दशकात. तोवर फुटक्या कपबश्या, बेसिनं, बांगड्यांच्या काचा यांची माणसं नि जनावरं होऊन बसली होती.

बांगड्यांच्या काचा म्हटलं की मी काचापाणीत. ओट्यावर खडूचा चौकोन, त्यात उधळलेल्या मूठभर काचा. शेजारणीला धक्का न लावता एकेक बोटानं रेघेबाहेर काढायची. हिरव्या काचा कुणाकडेही असायच्या, मोरपिशीचा भाव वेगळा. वाड्यात लग्न निघालं की आम्ही कासाराभोवती घिरट्या घालायचो. चुडा भरताना एखादी बांगडी वाढवली की नवरीच्या आईचा जीव खालीवर, आणि आमची चंगळ. माझ्या मोरपिशी काचा आजोबांच्या तपकिरीच्या डबीत असत. उघडली की आधी शिंक.

तर नेकचंद. बाग बेकायदा, पाडायची की ठेवायची यावर साहेबलोकांचा घोळ चालू, आणि इकडे लोक बघायला लोटले. शेवटी 1976 मध्ये रॉक गार्डन रीतसर खुली झाली आणि त्यांनाच पगारावर तिथं नेमलं. 1984 मध्ये पद्मश्री. आधी अर्ज केला असता तर फाइल अजून टेबलावर असती! समिती नेमून, फीत कापून चौकात बसवलेलं शिल्प दिसलं की मला तरी जांभईच येते.

पुढे एकदा रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा लोक आडवे उभे राहिले आणि बाग वाचली. 2025 मध्ये हायकोर्टाकडे जाणाऱ्या वाहनांच्या सोयीसाठी तिथली भिंत पाडायला घेतली. निषेध झाला, तरी भिंतीचा तेवढा भाग गेलाच. आता पार्किंगची अडचण आम्हालाही आहे, त्यामुळे कुणाला काय बोलणार!