275 कलाकार, 347 अल्बम आणि माझ्या 95,425 ओळी

डेटाबेसमधल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. ती शिकायचं ठरवलं आणि पहिले तीन आठवडे मी नुसतं साहित्य जमवत बसले. एक जाडजूड पीडीएफ, अकरा तासांची एक व्हिडिओमालिका आणि ‘नंतर बघू’ नावाच्या फोल्डरात चाळीसेक बुकमार्क. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मात्र एकही लिहिली नव्हती.

व्हिडिओवाल्याने पहिल्याच भागात सर्व्हर (डेटाबेस सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम) इन्स्टॉल करायला लावला. पोर्ट, पासवर्ड, युझरच्या परवानग्या... त्याच्या स्क्रीनवरचं बटण माझ्याकडच्या आवृत्तीत नव्हतंच. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. वैतागून पीडीएफ उघडली, तर सुरुवातीला टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणारा एडगर कॉड यांचा 1970 सालचा शोधनिबंध आणि पाठोपाठ नॉर्मलायझेशनचे, म्हणजे एकच माहिती पुन्हापुन्हा येऊ नये म्हणून टेबलं विभागण्याचे नियम. त्यात चूक काहीच नव्हती. पण जिने एकही टेबल बनवलेलं नाही तिला टेबलाचे तुकडे कसे पाडायचे ते आधी सांगून काय होणार?

ऑफिसातल्या एका सीनियरकडे कुरकूर केली. तो म्हणाला, “अगं, तुला सर्व्हर हवाय कशाला? एसक्यूएलाइट घे. अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो.” रिचर्ड हिप यांनी 2000 साली आणलेलं हे छोटंसं प्रकरण आपल्या फोनमध्येही असतं, हे मला तेव्हा कळलं. सोबत ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूएलाइट’ घेतलं, त्यामुळे टेबलं डोळ्यांना दिसायला लागली. पासवर्ड नाही, पोर्ट नाही.

सिलेक्ट (काय दाखवायचं), व्हेअर (कुठल्या ओळी), ऑर्डर बाय (कुठल्या क्रमाने) एवढ्यासाठी ‘एसक्यूएलबोल्ट’ या वेबसाइटचे धडे पुरले. ब्राउझरमध्येच क्वेरी लिहायची, बरोबर आली की पुढे. दोन-तीन संध्याकाळी मजेत गेल्या. पण तिथली टेबलं इतकी चिमुकली की उत्तर नुसतं बघूनही सांगता येतं. आपल्याला येतंय असं वाटतं, आणि येत नसतं.

ते कळलं ‘चिनूक’मुळे. हा सरावासाठी फुकट मिळणारा नमुना डेटाबेस. एका काल्पनिक म्युझिक स्टोअरचा. कलाकार 275, अल्बम 347. दोन्ही टेबलं जोडायला गेले आणि जॉइन लिहून ‘ऑन’ (कुठली ओळ कुठल्या ओळीशी जुळते ती अट) विसरले. एसक्यूएलाइटने हूं की चूं केलं नाही, सरळ 95,425 ओळी ओतल्या. मी घाबरून प्रोग्रॅम बंद केला! मग कॅल्क्युलेटर काढला: 275 गुणिले 347. प्रत्येक कलाकाराशेजारी प्रत्येक अल्बम बसला होता. जॉइन म्हणजे आधी सगळ्या जोड्या आणि मग ‘ऑन’ची चाळणी, हे त्या आकड्याने जसं डोक्यात बसवलं तसं जॉइन समजावायला काढतात त्या एकमेकांवर चढलेल्या वर्तुळांच्या चित्रांनी कधीच बसलं नव्हतं. (त्या चित्रांवर माझा राग आहे.)

‘ऑन’ घातल्यावर 347 ओळी आल्या. कलाकाराकडून लेफ्ट जॉइन (जोडी न जुळलेले कलाकारही ठेवणारा) केल्यावर 418. या जास्तीच्या 71 कुठून आल्या? ज्यांचा एकही अल्बम नोंदलेला नाही असे कलाकार, त्यांच्यासमोर नल, म्हणजे किंमत नसल्याची खूण. तेवढेच बघावेत म्हणून व्हेअरमध्ये ‘= नल’ लिहिलं, तर शून्य ओळी. एरर नाही, काही नाही. नल म्हणजे ‘माहीत नाही’, आणि माहीत नसलेली गोष्ट कशाच्याही बरोबर आहे असं म्हणता येत नाही. तिथे ‘इज नल’च लागतं. एवढ्या एका गोष्टीपायी अख्खी रात्र गेली, पण ती रात्र वाया गेली असं मी म्हणणार नाही.

यानंतर पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या अधिकृत मॅन्युअलमधला ट्यूटोरियलचा भाग वाचला. मॅन्युअल म्हटलं की मी लांब पळायचे, पण हा भाग हवामान आणि शहरं अशा दोन टेबलांवर निवांत चालतो. महत्त्वाचं म्हणजे पोस्टग्रेस कडक आहे. ‘ऑन’ विसरलात तर तिथे थेट सिंटॅक्स एरर. ग्रुप बायमध्ये (ओळींचे गट पाडणाऱ्या भागात) न घेतलेला कॉलम तसाच सिलेक्टमध्ये टाकला तर एसक्यूएलाइट त्या गटातल्या कुठल्या तरी ओळीतली किंमत मुकाट्याने दाखवतो. पोस्टग्रेस सहसा अडवतो. सुरुवात एसक्यूएलाइटवर करावी, पण सवयी तपासायला पोस्टग्रेसकडे जावं, असं माझं मत झालंय.

प्रोग्रॅमिंगकडे वळताना पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एसक्यूएलाइट३ मॉड्यूल वापरलं. ते पायथनसोबतच येतं. कलाकाराचं नाव क्वेरीच्या मजकुरात जोडून पाठवायचे. सगळं ठीक चाललं होतं, ‘गन्स एन’ रोझेस’ येईपर्यंत. नावातल्या अपॉस्ट्रॉफीने क्वेरीतलं अवतरण मध्येच बंद केलं आणि एरर आली. किमतीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि किंमत वेगळी द्यायची, हे प्रत्येक धड्यात सांगतात. एसक्यूएल इंजेक्शनची (कुणी किमतीच्या जागी स्वतःची क्वेरी घुसवण्याची) भीतीही घालतात. मला पटलं ते त्या एका अपॉस्ट्रॉफीमुळे.

शेवटी स्वतःचा डेटा घेतला: मित्रमैत्रिणींना वाचायला दिलेल्या पुस्तकांची एक्सेलमधली यादी. एकाच मैत्रिणीचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं, म्हणजे माणसांचं टेबल वेगळं करणं आलंच. पीडीएफमधलं नॉर्मलायझेशनचं प्रकरण तेव्हा पुन्हा उघडलं आणि या खेपेला एका बैठकीत संपवलं. मग क्वेरी लिहिली: परतीची तारीख ‘इज नल’. 14 पुस्तकं निघाली. त्यातली दोन माझ्याच कपाटात होती. परत आल्याची तारीख मीच भरली नव्हती.