पाचव्या दिवशी बसणारी बॅटरी

२०१५ सालची हायब्रिड सेडान मी सेकंडहँड घेतली ती पेट्रोल वाचावं म्हणून. तिच्या डिकीत एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते आणि ती उतरली की गाडी आपल्याला आतसुद्धा घेत नाही, हे मला एका सोमवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळलं.

रिमोट दाबून काही होईना. शेवटी रिमोटच्या पोटात दडलेली पत्र्याची किल्ली काढून दार उघडलं. बटण दाबल्यावर डॅशबोर्डचे दिवे फडफडले, आत कुठेतरी कट्‌कट्‌ झालं आणि सगळा अंधार. बॅटरी डिकीत, आणि डिकीचं कुलूप विजेवर चालणारं! मॅन्युअल चाळल्यावर सापडलं की बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल टोपणाखाली जंप स्टार्टसाठी, म्हणजे बाहेरची बॅटरी जोडून गाडी चालू करण्यासाठी, टर्मिनल दिलेलं आहे.

शेजारचे काका म्हणाले, "एवढ्या गाडीला जाड केबल लागणार." पण हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी इंजिन फिरवत नाही. ती फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि गाडी ओढणाऱ्या मोठ्या बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडते. पुढचं ओझं मोठीवर. म्हणून मी घरातल्या यूपीएसची ७ अँपिअर-अवरची बॅटरी खाली आणली. प्लस त्या टर्मिनलला, मायनस इंजिनजवळच्या उघड्या लोखंडाला. पहिल्याच दाबाला 'रेडी' दिवा लागला. काका काही न बोलता फिरायला निघून गेले.

सर्व्हिस सेंटरने बॅटरी बदलायला सांगितली, बदलली. तीन आठवड्यांनी नवीही बसली. आता म्हणे अख्खी हायब्रिड सिस्टिम तपासावी लागेल. त्या तपासणीचा आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो.

मग मी कॅलेंडरवर खुणा करायला लागलो. रोज वापरली तर गाडी ठणठणीत. घरून काम असलं आणि ती चार-पाच दिवस उभी राहिली की हमखास मेलेली. 'रेडी'मध्ये टर्मिनलवर मीटर लावला तर १४.२ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग व्यवस्थित होतं. उभ्या गाडीत कोणीतरी करंट पीत होतं.

नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, आधी गाडीला झोपू द्या, मग मोजा." बंद केल्यावरही हिचे कॉम्प्युटर बराच वेळ जागे असतात, आणि स्मार्ट किल्ली जवळ असली की पुन्हा उठतात. किल्ली तिसऱ्या मजल्यावर ठेवून आलो. डिकी उघडी ठेवायची, पण तिच्या कुलुपाचा आकडा स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायचा, म्हणजे गाडीला डिकी लागलीय असं वाटतं. मायनस केबल काढून मध्ये मल्टिमीटर जोडला आणि सवयीने मागचं दार उघडलं. मीटरचा फ्यूज उडाला. दार उघडताच गाडी एकदम दचकून उठते आणि तो झटका मीटरला सोसत नाही. दुसऱ्या दिवशी नवा फ्यूज घालून, झटका सोसायला मीटरला समांतर एक जाड वायर जोडून ठेवली आणि गाडी झोपल्यावर, पाऊण तासाने, काढली.

आकडा होता ०.३८ अँपिअर. झोपलेल्या गाडीत तो साधारण ०.०२ ते ०.०५ असावा. हिशेब सोपा होता: दिवसाला ९ अँपिअर-अवर, बॅटरी ४५ची. पाच दिवस!

एकेक फ्यूज उपटत गेलो. आकडा जागचा हलेना. तेव्हा कुठे डोक्यात आलं की चोर फ्यूजच्या डब्यातून जातच नसावा. प्लस टर्मिनलवर पाहिलं तर कंपनीच्या केबलखाली एक जादा लाल वायर दाबलेली. ती गालिच्याखालून मागच्या सीटच्या पाठीमागे गेली होती. (तिथेच मोठी बॅटरी असते. तिच्या जीवघेण्या व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या वाटेला अजिबात जायचं नाही, त्यामुळे हे पाच मिनिटांचं काम मी तासभर केलं.) वायरच्या टोकाला काळा चपटा डबा, म्युझिकचा अँप्लिफायर. हात लावला तर डिसेंबरच्या थंडीत तो कोमट! स्पीकर एकही जोडलेला नाही. टेप चालू झाल्यावरच अँप्लिफायरला जागं करणारी निळी वायर कुणीतरी थेट लाल वायरलाच पिळून ठेवलेली. म्हणजे हा पठ्ठ्या चोवीस तास जागा.

डबा काढला, पुन्हा पाऊण तास थांबलो. ०.०३.

जानेवारीत दहा दिवस रत्नागिरीला गेलो, गाडी पुण्यातच ठेवून. परतल्यावर पहिल्याच दाबाला रेडी. आधीच्या मालकाला सहज फोन केला तर म्हणाले, "अहो, वूफर मी विकताना काढून घेतला होता. अँप्लिफायर किती दिवस शोधतोय, तुमच्याकडे आहे होय? कधी येऊ न्यायला?"